पावतीवर नाव आहे, भिंतीवर कशाला?

"शंभर रुपये तरी फी ठेवा हो, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही." मे महिना आला की हा सल्ला मुंबईच्या गाडीतून येतोच. देणारे आपलेच चाकरमानी, हेतूही चांगला. पण देवगडजवळच्या आमच्या केंद्रात ज्ञानेश्वरीचा वर्ग, हरिपाठ, ध्यान, मुलांचा संस्कारवर्ग, कशालाच फी नाही. मी विश्वस्त आहे तोवर नसणार.

किंमत राहत नाही म्हणता? आषाढात वहाळ भरून वाहत असताना साडी वर खोचून वर्गाला येणाऱ्या बायकांना हे सांगून बघा. त्यातल्या एकीने पहिल्या दिवशी दारातच विचारलं होतं, "पैशे नाय ओ माझ्याकडे, पण झाडू मारीन. चलात मां?" म्हटलं, काकी, आधी आत येऊन बसा, झाडूचं मागाहून बघू. फी असती तर ती विचारायलाही थांबली नसती. फीमुळे कोण आलंच नाही, हे कुठल्याच ऑडिटमध्ये दिसत नाही.

आणि खरं सांगू? पैशांपेक्षा आम्हाला मानपानाचा ताप जास्त. कोकणातला गाव म्हटला की बारा-पाच मानकरी, म्हणजे देवळात मान असलेली घराणी, आलीच. पालखीच्या मानावरून कोर्टाची पायरी चढलेली गावं आपल्याला माहीत आहेत. तीच सवय देणगीतही उतरते. पत्रे घालून देतो, पण संगमरवरी पाटीवर वडिलांचं नाव हवं. स्पीकर देतो, पण गुरुपौर्णिमेला पुढची खुर्ची हवी. एका गृहस्थांनी सभागृहासाठी लागेल तेवढा चिरा देऊ केला होता. अट एवढीच, की त्यांच्या घरचं कार्य असेल तेव्हा वर्ग बंद ठेवायचा. आम्ही हात जोडले. त्यामुळे मागच्या भिंतीला अजून गिलावा नाही आणि वाऱ्याचा पाऊस आला की सतरंज्या पुढे ओढाव्या लागतात. ओढतो.

देणगीदार कसा असावा? १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं ते भागोजीशेठ कीरांच्या पैशातून. स्वतः भंडारी समाजातले, गरिबीतून वर आलेले. त्या काळात त्यांनी पैसा घातला तो सगळ्या जातींना आत येता येईल अशा देवळात. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राची तर वेगळीच तऱ्हा. आधी दहा दिवसांचं शिबिर पूर्ण करायचं, मगच दान. त्याआधी घेतच नाहीत. एवढं कडक आम्हाला झेपणार नाही, कारण आमचा बराचसा शिधा वर्गाला कधीच न येणाऱ्या घरांतून येतो. पण ज्याला काही मिळालं त्याने पुढच्यासाठी द्यावं, हा विचार मनापासून पटतो.

पाटी नको म्हणजे लपवाछपवी नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे, दरवर्षी ऑडिट होतं, प्रत्येक देणगीची पावती फाडली जाते. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर पॅन द्यावा लागतो. दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर सवलत मिळत नाही, तेव्हा चेक नाहीतर क्यूआर. तांदूळ-नारळ दिलेत तर पावती देऊ, पण वस्तूंवर आयकरात सवलत नाही. देणगीदारांचं विवरण ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे जायला लागतं, आणि नेमके तेव्हा आमचे निम्मे विश्वस्त बागेत आंब्याच्या पेट्या भरत असतात! म्हणून पॅनसाठी फोन आला तर चिडू नका.

(फणस मात्र आता पुरे. खरंच. आणण्याआधी एक फोन करा.)

मग चालतं कसं, असं विचारतात. मे महिन्यात आणि गणपतीत दानपेटी भरते, कारण घरं भरलेली असतात. पावसाळ्यात खडखडाट. तेव्हा वीज बिल विश्वस्तच वर्गणी काढून भरतात आणि दुपारच्या पंगतीला पेज आणि लोणचं असतं. त्यावरून कोणी कुरकुर केलेली मला तरी आठवत नाही. कुरकुर होते ती पाटीवरून.

मार्चअखेरचा जमाखर्च बाहेरच्या फळ्यावर लावलाय. कुणाला शंका असेल त्यांनी वर्गाच्या वेळी या, वह्या काढून दाखवतो. चहा कोराच मिळेल, दुधाचं अजून जमलेलं नाही.