पेन्शनवरचा फॉरवर्ड ढकलण्याआधी जरा हिशोब करा

आज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फॉरवर्ड पडला, 'जुनी पेन्शन मागणारे देशाचं दिवाळं काढणार'. टाकणारे काका स्वतः जुन्या पेन्शनवाले, म्हणजे शेवटच्या बेसिकच्या निम्मी ठरलेली पेन्शन आणि वर वाढता महागाई भत्ता (डीए). जानेवारी आणि जुलैत डीए किती वाढला, ही चौकशी ग्रुपवर सगळ्यात आधी त्यांचीच असते. काय बोलावं राजेहो!

तर हिशोब. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नवी योजना (एनपीएस). बेसिक अधिक डीएच्या १० टक्के पगारातून कापायचे, सरकारनं आपला हिस्सा टाकायचा आणि सगळा पैसा शेअर-रोख्यांच्या बाजारात. रिटायर होताना ६० टक्के हातात मिळतात, उरलेल्या किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे जन्मभर दरमहा ठरलेली रक्कम देणारी पॉलिसी, विमा कंपनीकडून घ्यावीच लागते. समजा २५ लाख जमले. त्यातले १० लाख ॲन्युइटीत गेले. साडेसहा टक्के दर धरा, वर्षाला ६५,००० म्हणजे महिन्याला ५,४०० च्या आसपास. हातात १५ लाख येतात ना, असं म्हणाल. येतात, आणि घराचं कर्ज, मुलीचं लग्न यात जातातही. ते ५,४०० मात्र साठीला जेवढे, ऐंशीलाही तेवढेच. डीए नाही. ज्या वर्षी तुम्ही रिटायर होता त्या वर्षी व्याजदर पडलेले असले, तर तोच पडलेला दर जन्मभर गळ्यात. काकांना यातलं काहीच भोगायचं नाही, म्हणून त्यांना योजना आवडते.

ही कल्पना दिल्लीत सुचलेली नाही. चिलीत पिनोशेच्या हुकूमशाहीत, शिकागोहून शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या चलतीच्या काळात, १९८१ साली ती पहिल्यांदा अमलात आली. मालकाचा हिस्सा बंद केला आणि कामगाराच्या पगाराचे १० टक्के खासगी फंडांकडे वळवले. आणि लष्कर, पोलीस? त्यांना जुन्याच व्यवस्थेत ठेवलं! आपल्याकडेही २००४ ला तिन्ही सैन्यदलं बाहेर ठेवली. जवानाला पेन्शन मिळालीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण योजना एवढीच सोन्यासारखी होती, तर सैन्यदलांना सोडून मास्तर, नर्स आणि कारकुनांना काऊन दिली? आमदारांनीही स्वतःसाठी ठरलेल्या रकमेचीच पेन्शन ठेवली आहे.

१९९४ मध्ये जागतिक बँकेनं याच वाटेची शिफारस केली आणि लॅटिन अमेरिका, पूर्व युरोपात रांग लागली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मोजणीनुसार १९८१ ते २०१४ मध्ये ३० देशांनी पेन्शनचं पूर्ण किंवा अंशतः खासगीकरण केलं, त्यातले १८ देश २०१८ पर्यंत मागे फिरले. कारण अगदी साधं. आज नोकरीत असलेल्यांची कपात बाजारात गेली, की आधीच रिटायर झालेल्यांची पेन्शन कशातून द्यायची? तिजोरीतूनच. म्हणजे वाचवायला निघालेलं सरकार काही दशकं दुप्पट ओझं वाहतं, आणि फंडवाले मधल्या मधे फी कापतात. अर्जेंटिनानं २००८ मध्ये खासगी फंड सरकारात घेतले. पोलंडनं २०१४ मध्ये त्या फंडांतली ५१.५ टक्के मालमत्ता सरकारी विमा संस्थेकडे वळवली. खुद्द चिलीनं २०२५ मध्ये कायदा करून मालकाचा हिस्सा परत आणला.

आपलं सरकार तरी वेगळं काय करतंय? १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना आली. २५ वर्षं नोकरी झाली, तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के, वर महागाई भत्ता. म्हणजे एवढ्या वर्षांनी कबूल केलं की म्हातारपण बाजारावर सोडून भागत नाही. पण तोंडानं नाही म्हणणार.

जुन्या पेन्शनचा बोजा राज्याच्या तिजोरीवर खरोखर मोठा आहे, हे मान्य.

आणि खरं सांगायचं, तर सरकारी नोकर तरी बरे. नागपूरची एम्प्रेस मिल बंद झाली, तिथं मॉल उभा राहिला. ईपीएस-९५ या पीएफला जोडलेल्या योजनेखालच्या कामगाराची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडली आहे. गॅसचं सिलिंडर आणलं की उरतं काय? दारिद्र्यरेषेखालच्या साठीच्या म्हातारीला केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून महिन्याला २०० रुपये. राज्य वरून भर घालतं म्हणून चालतं, तेही वेळेवर आलं तर. काकांच्या फॉरवर्डमध्ये या माणसांचा एका शब्दानं उल्लेख नाही. त्यांच्यावर चिडून तरी काय करायचं, त्यांनाही कोणीतरी पाठवलेलाच असणार.

२००४-०५ नंतर लागलेल्यांनी मात्र एवढं करा. प्रानचं (नव्या योजनेतल्या आपल्या खाते क्रमांकाचं) स्टेटमेंट काढा आणि महिन्यागणिक आपला हिस्सा व सरकारचा हिस्सा, दोन्ही जमा आहेत का ते पगारपत्रकाशी ताडून पाहा. हिस्सा उशिरा भरला गेला, तर तेवढा काळ पैसा बाजारात लागतच नाही. नंतर रक्कम जमा दिसते, बुडालेला परतावा दिसत नाही. महिना सुटलेला असेल तर आहरण अधिकाऱ्याला (कार्यालयाचे पगार काढणाऱ्याला) लेखी द्या आणि पोच घ्या. ॲन्युइटीचा फॉर्म शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. मूळ रक्कम वारसाला परत मिळण्याचा पर्याय घेतला तर महिन्याची रक्कम घटते, आणि जोडीदाराला पुढे मिळणार की नाही हे त्या एका टिकेवर ठरतं. पॉलिसी रद्द करायची सुरुवातीची मुदत एकदा गेली, की ती टीक बदलता येत नाही.