दुसरा गाल पुढे करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे

गुड फ्रायडे जवळ आला की धुळे-नंदुरबारकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं : ख्रिस्ताने फक्त मार खायला शिकवलं, त्याच्याच पुस्तकाने काळ्यांना गुलाम ठेवलं, अमेरिकेत हक्क दिले ते कोर्टाने, प्रार्थनेने नाही, अहिंसा गांधींची, चर्चने ती फुकट उचलली, आणि तसली अहिंसा आपल्या तापट पोरांना झेपणारी नाही. एकेक मुद्दा घेऊ. सगळ्यांचं वजन सारखं नाही.

पहिला, मार खाण्याचा. बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्त म्हणतो, एका गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढे कर. तिथे नुसता गाल नाही, ‘उजवा’ गाल आहे. समोरच्याला उजव्या हाताने तुमच्या उजव्या गालावर मारायचं असेल तर हात उलटा फिरवावा लागतो, करून बघा. उलट्या हाताची चपराक बरोबरीच्याला देत नसत; ती गुलामाला, नोकराला. डावा गाल पुढे आला की ती चपराक बसत नाही, मारायचंच तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मारावं लागतं. हा अर्थ सगळ्याच अभ्यासकांना पटत नाही, हे खरं. पण हात न उगारणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, हे निदान नंदुरबारला तरी सांगायला नको. ९ सप्टेंबर १९४२ ला झेंडा घेऊन गोळीला सामोरा गेलेला शिरीषकुमार गप्प बसला होता, असं माणिक चौकात उभं राहून कोण म्हणेल?

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. बायबलाच्या इफिसकरांस पत्रातलं ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे वाक्य गुलामांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला धर्माचा आधार दिला. पण उरलेला अर्धा भाग मेसेजात नाही. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं. त्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला, आणि मोशेने गुलामांना मिसरातून बाहेर काढल्याची हकिगतही गेली. आज्ञेत राहायला सांगणारं वाक्य मात्र ठेवलं. पुस्तकात नुसती ताबेदारीच असती तर कात्री लावायची गरज काय होती?

कोर्टाचा मुद्दा सविस्तर घ्यायला हवा. अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधली जागा गोऱ्या उतारूला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या काळ्या बाईंना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून बसवर बहिष्कार पडला. त्याच संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली, बहिष्कार चालू ठेवायचं ठरलं. बसचे बहुतेक उतारू काळेच होते. त्यांना रोज कामावर पोचवायचं कसं? आधी काळे टॅक्सीवाले बसच्या दरात, १० सेंटला, नेत होते. शहराने किमान भाड्याचा ४५ सेंटचा नियम पुढे केला. मग खासगी गाड्या आल्या. एसटीचा संप झाला की आपल्याकडे काळीपिवळी कशा भरून धावतात ते आठवा. फरक एवढाच की इथे सकाळी कामावर न्यायला घ्यायचे ४८ आणि परतताना घ्यायचे ४२ थांबे आधी ठरवलेले होते. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. त्यांचा विमा कंपन्यांनी रद्द केला, तेव्हा तो लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा दावा दाखल झाला १ फेब्रुवारी १९५६ ला, म्हणजे बहिष्काराला दोन महिने होत आले होते तेव्हा. तो भेदभाव बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल १३ नोव्हेंबरला आला, आणि त्याच दिवशी स्थानिक कोर्टाने या गाड्यांवर बंदी घातली. आदेश हातात पडेपर्यंत, २० डिसेंबरपर्यंत, लोक पायी चालले. बहिष्कार एकूण ३८१ दिवस चालला. निकाल कोर्टाचाच, त्यात वाद नाही. पण तोवर माणसं एकत्र टिकली ती आठवड्याच्या सभांमुळे, आणि त्या सभा चर्चमध्येच होत.

आणि टेनेसीतल्या नॅशव्हिलला तर कोर्टाचा आदेशही नव्हता. तिथे दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्यांना वाढत नसत, म्हणून पोरं त्याच खुर्च्यांवर जाऊन बसली. तिथे शेवटचे दोन्ही मुद्दे एकदमच निकाली निघतात. त्यांना तयार करणारे जेम्स लॉसन हे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. कोरियाच्या युद्धाच्या काळात भरती नाकारून तुरुंग भोगला आणि मग आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आले, १९५३ ते ५६. गांधी त्यांनी इथे जवळून अभ्यासले. रीत गांधींची, प्रेरणा ख्रिस्ताची, असं काळ्यांच्या हक्क-चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंगही सांगत. त्यात चोरी कसली?

परत गेल्यावर लॉसननी चर्चच्या तळघरात वर्ग घेतले. खुर्च्या ओळीने मांडायच्या, तो दुकानातला खाण्याचा काउंटर. काहींनी आंदोलक व्हायचं, काहींनी गुंड : शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. पडलास तर अंग आवळून डोकं झाक. शेजाऱ्याला मार बसत असेल तर मध्ये आडवा हो. तापट पोरगा बाहेर मार खाण्याआधी इथेच ओळखू येई. आंदोलकांना नियमांचा कागद मिळे : उलट शिवी नाही, हात नाही; हसायचं नाही; दार अडवायचं नाही; ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे; म्होरक्याने सांगितल्याशिवाय उठायचं नाही. २७ फेब्रुवारी १९६० ला ८१ जणांना अटक झाली. एक तुकडी उचलली की दुसरी त्याच खुर्च्यांवर. दंड भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. सोबत बाजारातल्या दुकानांवर बहिष्कार. १० मे ला काउंटर काळ्यांसाठी उघडले.

हे दरवेळी जमलं असंही नाही. १९६१-६२ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्बनीला आंदोलक सगळाच भेदभाव एकदम मोडायला निघाले. पोलीसप्रमुखाने मारहाण टाळली, पकडलेले लोक आसपासच्या गावांच्या तुरुंगांत विखरून ठेवले, आणि आंदोलन विरलं. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला १९६३ मध्ये म्हणून नेमकी दुकानं निवडली आणि ईस्टरच्या खरेदीचा हंगाम धरला, दिवाळीच्या तोंडावर बाजारपेठ अडवावी तसा. तिथेही वर्गात न बसलेले बघे दगड मारायला लागले. तेव्हा किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हेल यांनी पोलिसांचाच भोंगा हातात घेतला आणि गर्दीला घरी जायला सांगितलं.