पुठ्ठ्यात पैसा घाला, नाशिककर

नाशकात पैसे गुंतवायचे म्हटलं की लोक अजून प्लॉटच बघतात. सिंहस्थ आलाय, रस्ता रुंद होणार, समृद्धी हाकेच्या अंतरावर आहे, असं म्हणत एजंट तुम्हाला गाडीत घालून कुठल्या तरी माळावर नेतो आणि चार दगडांकडे बोट दाखवतो. मग सातबारा, फेरफार, तलाठ्याकडे खेपा, आणि ऐनवेळी भावकीतला एखादा चुलता कोर्टात. कशाला हा ताप? जगातल्या शहाण्यांनी यापेक्षा सोपा मार्ग काढलाय. पत्त्याएवढा पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर एखादा खेळाडू नाहीतर पिवळा उंदीर छापलेला असला पाहिजे, आणि तो प्लास्टिकच्या डबीत बंद करून भाव चढायची वाट बघत बसायचं. या तुकड्याला म्हणायचं ट्रेडिंग कार्ड. त्याला कुंपण घालावं लागत नाही. भावकीला तो दिसला तरी त्याची किंमत कळत नाही, यासारखं सुख नाही.

घरचे हसतील. हसू द्या, पण चार आकडे तोंडपाठ ठेवा. ऑगस्ट 2022 मध्ये मिकी मँटल नावाच्या बेसबॉलपटूचं 1952 सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या भावाने साधारण शंभर कोटी रुपये. तीन वर्षांनी मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोन बास्केटबॉलपटूंच्या सह्यांच्या कार्डाने त्याच्यावरही कडी केली. लोगन पॉल या यूट्यूबवाल्याने पिकाचूच्या, म्हणजे पोकेमॉन या जपानी कार्टूनमधल्या त्या पिवळ्या उंदराच्या, एका कार्डाला 52 लाख 75 हजार डॉलर मोजले आणि ते गळ्यातल्या साखळीत अडकवून कुस्तीच्या रिंगणात मिरवलं. आपल्याकडे फार तर सराफ बाजारातून आणलेला गोफ घालून लोक वरातीत नाचतात. गोफ अडीअडचणीला गहाण ठेवता येतो, असं सासरे म्हणतील. बेसबॉल कसा खेळतात, असंही विचारतील. दोन्ही वेळा विषय बदला.

याच पॉलने 35 लाख डॉलर देऊन पोकेमॉनच्या जुन्या सीलबंद बॉक्सची पेटी घेतली होती. जानेवारी 2022 मध्ये ती फोडली तर आत जी. आय. जो या लष्करी बाहुल्यांची कार्डं निघाली. हे घरी सांगायचं नाही. जॉर्डनचं 1986 चं फ्लीअर कंपनीचं कार्ड जानेवारी 2021 मध्ये 7 लाख 38 हजार डॉलरला गेलं आणि काही महिन्यांतच तशाच कार्डाचा भाव निम्म्याच्याही खाली आला, हेही सांगायचं नाही. विचारलंच तर ‘करेक्शन’ म्हणा. शेअरवाल्या जावयामुळे हा शब्द घरोघरी पोचलाय आणि त्याच्यापुढे कोणी बोलत नाही.

खरं तर हा धंदा नाशिककराला शिकवावाच लागू नये. कागदावर चित्र छापून त्याला मोल आणायचं काम नाशिकरोडला इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. नोटा तिथे छापतात, पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्टही. फक्त सरकारने एक बावळटपणा केला. नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने छापून टाकलं, की धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन देतो. वचन दिलं की निस्तरणं आलं. कार्डावर कोणीही कसलंच वचन देत नाही. छापणारी कंपनी पॅकचे, म्हणजे कार्डांच्या बंद पाकिटाचे, पैसे घेऊन मोकळी, लिलाववाला कमिशन घेऊन मोकळा. वचनच नाही म्हटल्यावर वचनभंग कुठून होणार? शिवाय नोटबंदीची भीती नाही. रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन कोणी पिकाचू रद्द करणार नाही. (तो आपोआप रद्द होतो, पण हळूहळू, त्यामुळे बँकेपुढे रांग लावावी लागत नाही.)

प्रेसमध्ये छपाई चुकलेली नोट बाहेर पडू नये म्हणून केवढा बंदोबस्त असतो. कार्डवाल्यांचं उलटं. 1990 साली टॉप्सच्या फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर त्याचं नावच छापायचं राहिलं, तर ती नावाच्या कार्डांपेक्षा कितीतरी महाग. ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळात तर कंपनीने एका अंगठीचं एकच विशेष कार्ड छापलं, एक बटा एक, आणि 2023 मध्ये पोस्ट मलोन या गायकाने ते 20 लाख डॉलरला घेतलं. मशीन तेच, शाई तीच, फक्त दुसरं कार्ड छापायचं नाही एवढं ठरवलं. नाशिकरोडच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात हे कोणाला सुचू नये?

आता कार्ड नुसतं असून भागत नाही, त्याला ग्रेड लागतो. अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी आहे, 1991 पासून. तुम्ही पैसे भरून कार्ड पाठवायचं, तिथला माणूस ते बघतो, 1 ते 10 मधला आकडा देतो आणि प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून परत धाडतो. त्याला म्हणायचं स्लॅब. 9 आणि 10 मधला फरक डोळ्याला दिसत नाही, किंमतीत मात्र काही पटींचा असतो. 2021 च्या मार्चमध्ये या कंपनीकडे एवढा ढीग साचला, की तिने बहुतेक नवी कार्डं घेणंच थांबवलं होतं.

पाठवण्याआधीची तयारी घरीच करा. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, रात्री सगळे झोपल्यावर, डायनिंग टेबलावरचं जेवणाचं प्लास्टिक काढून खाली काळं कापड अंथरा. पंखा बंद. टेबललॅम्प तिरका धरा, सराफाकडचं भिंग डोळ्याला लावा आणि चारही कोपरे बघा. डावीकडे खालच्या कोपऱ्यावर रव्याच्या कणाच्या निम्मा पांढरा ठिपका दिसेल. पुसून बघाल, जाणार नाही, कारण ती धूळ नव्हे, तिथला रंग उडालाय. गेलं तुमचं 10. आता समास मोजा. डावीकडची कड उजवीपेक्षा केसभर जाड आहे की काय, अशी शंका पहाटे दोनपर्यंत पुरते. याच माणसाने मुलाच्या प्रगतिपुस्तकावर न वाचता सही केलेली असते.

मेन रोडच्या फुटपाथवर किंवा शाळेसमोरच्या स्टेशनरीत चकचकीत सोनेरी पोकेमॉन कार्डांचं पाकीट मिळतं, ते घेऊ नका. ती नकली असतात आणि पोरं त्यांच्याशी चक्क खेळतात. खरा गुंतवणूकदार पॅक फोडत नाही. आत काय आहे हे कळलं की आशा संपते आणि किंमत आशेचीच असते. अमेरिकेत एक कंपनी न फोडलेल्या पॅकचं सीटी स्कॅन करून देते. आजोबांच्या गुडघ्याचं स्कॅन ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ठेवलं असेल, ते तसंच राहू द्या.

राहता राहिला दुर्मिळपणा. 1952 ची ती कार्डं एवढी मोलाची का? तेव्हा ती सगळी खपलीच नाहीत. उरलेल्या पेट्या गोदामात पडून राहिल्या आणि 1960 च्या सुमारास कंपनीनेच त्या न्यूयॉर्कजवळ समुद्रात नेऊन ओतल्या. (आपल्या जिल्ह्यात भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात, पण उरलेल्या टोमॅटोला कोणी शंभर कोटी दिल्याचं ऐकिवात नाही. स्लॅब केले नव्हते, दुसरं काय.) जी खपली त्यातली कितीतरी पोरांनी सायकलच्या तारांत अडकवून फडफडवली, आणि बाकीची त्यांच्या आयांनी घर आवरताना केरात घातली. या सगळ्या बाजाराचा पाया त्या आयांनी घातलाय. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस लोकांना ही गोष्ट कळली, सगळ्यांनी कार्डं जपून ठेवली, कंपन्यांनीही वारेमाप छापली, आणि त्या काळातली बहुतेक कार्डं आज रद्दीच्या तोलाची आहेत. तुमच्या लहानपणीची डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, ज्यांच्या छातीच्या नि दंडाच्या मापांवरून मधल्या सुट्टीत मारामाऱ्या व्हायच्या, ती आईने कधीच रद्दीवाल्याला दिली. तिला बोल लावू नका, तिने दुसऱ्या कोणाची तरी गुंतवणूक वाढवली.

धोका आता आहे. आज प्रत्येक जण कार्ड स्लॅबमध्ये घालतोय, बॉक्स सीलबंद ठेवतोय, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकतोय. तीस वर्षांनी हा सगळा माल कोराकरकरीत एकदम बाजारात उतरणार. तो कमी करायचा तर कोणाच्या तरी आईने कामाला लागलं पाहिजे, आणि ती तुमची नसावी. तेव्हा दसरा झाला की सोसायटीत एक फेरी मारा. ज्या ज्या घरात कार्डं जमवणारा मुलगा आहे तिथे चहाला बसा आणि जाता जाता म्हणा, ‘काकू, त्या पुठ्ठ्यांच्या डब्यांमागे झुरळं होतात म्हणे.’ बाकीचं त्या बघतील. घंटागाडी रोज सकाळी येतेच.