रेगर, जेफरसन आणि आमच्या ईगल्सची टेपपट्टी

एप्रिलमधला एनएफएल ड्राफ्ट जवळ आला की आमच्या फिलाडेल्फियाच्या परिसरात एक वाद हमखास उकरला जातो. खेळाडू निवडताना त्याची उंची, वजन, धावण्याचा वेग बघायचा, की कॉलेजात त्याने मैदानावर काय करून दाखवलं ते? ऑफिसात, दुकानाच्या रांगेत, मराठी मंडळाच्या पिकनिकलासुद्धा. मी पंधराएक वर्षं ईगल्सच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाच्या, नादी लागलोय, तेव्हा माझं मत एकदाचं लिहून टाकतो.

भारतातल्या मित्रांसाठी थोडक्यात. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला. एनएफएल ही त्याची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे. ३२ संघ, सात फेऱ्या, साधारणपणे गेल्या मोसमात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. ड्राफ्टच्या आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ भरतं. तिथे पोरांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी सगळं मोजतात. चाळीस यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर पळवतात. १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजतात, उभी उडी, लांब उडी. अंगावर ना हेल्मेट ना पॅड, समोर अडवायला कुणी नाही. दुसऱ्या पारड्यात कॉलेजातली कामगिरी: किती झेल, किती यार्ड, किती टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं), किती सॅक (पास टाकणाऱ्याला चेंडू सुटायच्या आत पाडणं).

आता आमच्या ईगल्सची कुंडली मांडतो. या वादाची दोन्ही टोकं एकाच संघाच्या इतिहासात सापडतात.

१९९५. बॉस्टन कॉलेजचा माइक मॅमुला. कम्बाइनच्या एकेका कसरतीची त्याने आधीपासून रीतसर तयारी केली होती, आणि ११२ किलोच्या त्या गड्याने चाळीस यार्ड ४.५८ सेकंदांत काढले. ईगल्सनी टॅम्पा बेशी सौदा करून बाराव्या नंबरावरून सातव्यावर उडी मारली आणि त्याला उचललं. टॅम्पाने त्याच बाराव्या नंबरावर वॉरन सॅपला घेतलं, आणि सौद्यात मिळालेल्या एका पिकाची (‘पिक’, म्हणजे ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) भर घालून त्याच दिवशी डेरिक ब्रूक्सलाही घेतलं. सॅप आणि ब्रूक्स दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मॅमुलाच्या नावावर पाच मोसमांत साडेएकतीस सॅक. वाईट नाहीत हो. पण तीस वर्षं झाली तरी ‘कम्बाइनचा हिरो’ म्हटलं की लोक त्याचंच नाव घेतात. हा जरा अन्याय आहे, कारण कॉलेजातही तो चांगलाच खेळला होता, आणि सॅप घसरला तो ड्राफ्टच्या तोंडावर फुटलेल्या ड्रग टेस्टच्या बातम्यांमुळे. मॅमुलाचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातून जे शिकवायला बघतात ते त्यात नाहीच.

खरी गंमत २०१९ आणि २०२० मध्ये आहे.

२०१९ च्या दुसऱ्या फेरीत ईगल्सना रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, हवा होता. मिसिसिपीचा डीके मेटकाफ अजून शिल्लक होता. सहा फूट तीन इंच, १०३ किलो, आणि एवढा देह घेऊन ४.३३ सेकंद. पण मानेच्या दुखापतीमुळे शेवटचा मोसम अर्धाच खेळलेला, २६ झेल. शिवाय तीन शंकूंभोवती वळसे घालायच्या कसरतीत त्याला ७.३८ सेकंद लागले, टॉम ब्रेडीपेक्षाही जास्त. (ब्रेडी म्हणजे तोच, जो २००० साली १९९ व्या नंबरावर गेला आणि सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकला. पायांच्या वेगासाठी त्याचं नाव कुणी कधी घेतलं नाही.) ईगल्सनी शहाणपणा केला. ५७ व्या नंबरावर कामगिरी बघून स्टॅनफर्डचा जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला: शेवटच्या मोसमात ६३ झेल, १,०५९ यार्ड, १४ टचडाउन. मेटकाफ सात नंबरांनंतर सिॲटलला गेला.

आर्सेगा-व्हाइटसाइडने ईगल्ससाठी तीन मोसमांत मिळून १६ झेल घेतले. सोळा. आणि जानेवारी २०२० मध्ये प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत, सिॲटल आमच्याच घरी आलं, मेटकाफने ७ झेलांत १६० यार्ड कुटले आणि आम्हाला १७-९ असं घरी बसवलं.

साडेतीन महिन्यांनी पुढचा ड्राफ्ट. लॉकडाउन होता, सगळे आपापल्या घरून झूमवर. माझा भाचा तेव्हा नववीत, न्यू जर्सीतच जन्मलेला, आकडे तोंडपाठ. २१ व्या नंबरावर ईगल्सनी टीसीयू विद्यापीठाच्या रिसीव्हरचं, जेलन रेगरचं नाव घेतलं आणि पोरगं ओरडलं, “मामा, बेचाळीस इंच उडी आहे त्याची!” मी विचारलं, “अरे, आणि झेल किती?” तर म्हणे, “४३. पण त्याचा क्वार्टरबॅकच बेकार होता ना.” पुढच्याच नंबरावर मिनेसोटाने एलएसयू विद्यापीठाचा रिसीव्हर जस्टिन जेफरसन घेतला. जेफरसनच्या नावावर त्या मोसमात १११ झेल, १,५४० यार्ड, १८ टचडाउन. रेगरचे यार्ड ६११.

भाच्याने जी सबब सांगितली तीच त्या आठवड्यात टीव्हीवरचे पंडितही सांगत होते. रेगरचे आकडे कमी, कारण पास टाकणारा धड नाही. आणि जेफरसनचे आकडे जास्त, कारण पास टाकायला जो बरोसारखा क्वार्टरबॅक, बाजूला जमार चेससारखा रिसीव्हर, आणि हा मधल्या जागेवरून सुटसुटीत खेळणारा. म्हणजे एकाची कमी कामगिरी परिस्थितीच्या नावावर माफ, आणि दुसऱ्याची जास्त कामगिरी परिस्थितीच्याच नावावर वजा! स्थळ पसंत पडलं की पत्रिका जुळते, नाही पडलं की मंगळ निघतो, त्यातलाच प्रकार.

माझा मुद्दा हाच आहे. कुठलाही जनरल मॅनेजर, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणारा, उघडपणे म्हणत नाही की मी कामगिरी सोडून उडी बघितली. सगळे दोन्ही बघतात. पण मोजमाप डोक्यात आधी शिरलं की कामगिरीचे आकडे वाचायची नजर बदलते. मेटकाफने हरवल्याचा सल मनात, त्यामुळे त्या वर्षी ईगल्सना वेग हवा म्हणजे हवाच होता. त्या ड्राफ्टमध्ये रिसीव्हर घेतले तीन, तिन्ही पळणारे. त्यात क्रूर विनोद असा की इंडियानापोलिसला जेफरसन ४.४३ सेकंदांत पळाला होता आणि रेगर ४.४७. ज्या वेगासाठी रेगरला घेतला, त्यातसुद्धा जेफरसनच पुढे होता.

२०१९ ला कामगिरी बघून फसले, २०२० ला शरीर बघून. म्हणून कुणी म्हणेल, दोन्ही सारखंच, नशिबाचा खेळ. मला ते पटत नाही. कामगिरी बघायची म्हणजे नुसती बेरीज वाचायची नसते, तो झेल मिळाला कसा हे बघायचं असतं. आर्सेगा-व्हाइटसाइडच्या कॉलेजातल्या चित्रफिती आजही यूट्यूबवर आहेत. बऱ्याच झेलांत बचाव करणारा त्याला चिकटलेला दिसतो. हा अंगाने थोराड, पाठ लावून जागा अडवतो आणि वरून चेंडू काढतो. कॉलेजातल्या पावणेसहा फुटी पोरासमोर हे चालतं. एनएफएलमध्ये समोरचाही तेवढाच दांडगा असतो, मग चिकटलेला माणूस चिकटलेलाच राहतो. आता जेफरसन बघा. दहा-बारा यार्ड सरळ सुसाट जातो, खांदे अजिबात न हलवता कंबर खाली घेतो, दोन पावलांत थांबतो आणि वळतो. बचाव करणारा अजून मागे पळतोच आहे, आणि मध्ये चार हातांची मोकळी जागा. ही मोकळी जागा वरच्या पातळीवरही मिळते. चेससारखा गडी त्याच संघात असताना १११ पास याने झेलले, याचा अर्थ चेंडू टाकणाऱ्याला हा सारखा मोकळा दिसत होता. ज्या गोष्टीसाठी त्याचे आकडे वजा केले, तीच खरं तर त्याच्या बाजूची साक्ष होती.

आणि कामगिरी आंधळेपणाने मोजली तर काय होतं, तेही सांगतो. ह्यूस्टन विद्यापीठाच्या केस कीनमने कॉलेजात १९,२१७ यार्डांचे पास टाकले, १५५ टचडाउन, त्या पातळीवरचे विक्रम. २०१२ मध्ये त्याला सातही फेऱ्यांत कुणी घेतलं नाही. आक्रमणाची पद्धतच अशी की चेंडू सतत हवेत, आणि समोरचे संघ बेताचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कीनमने पुढे मिनेसोटाला सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेलं, तिथे आमच्याच मैदानावर ३८-७ ने आपटला. म्हणजे वाईट खेळाडू नव्हता, पण १९,००० यार्ड ऐकून जे चित्र उभं राहतं तेवढाही नव्हता. आमचा डेरेक बार्नेट तसाच. टेनेसी विद्यापीठात रेजी व्हाइट या दिग्गजाचा ३२ सॅकचा विक्रम मोडून ३३ वर गेला. २०१७ चा ड्राफ्ट फिलाडेल्फियात पार्कवेवर भरला होता, त्यात ईगल्सनी त्याला १४ वा घेतला. पुढच्याच फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये ब्रेडीच्या हातून निसटलेला चेंडू यानेच उचलला, त्यामुळे इथे त्याला आयुष्यभर कुणी वाईट बोलणार नाही. पण खेळाडू म्हणून? बरा.

त्याच ड्राफ्टला मी गर्दीत उभा होतो. सिनसिनाटीने नवव्या नंबरावर जॉन रॉसचं नाव घेतलं, ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रमवीर, आणि आजूबाजूचे लोक एकमेकांना ‘फोर ट्वेंटी टू’ असं सांगत होते. मैदानावर काय केलं ते कुणीच सांगेना. केलं नव्हतं असं नाही, कॉलेजात १७ टचडाउन पास झेलले होते बिचाऱ्याने. पण एकदा विक्रम झाला की माणसाचं नाव मागे पडतं आणि आकडाच पुढे चालतो. पहिल्या मोसमात रॉसचा एकही झेल नाही. दहाव्या नंबरावर गेला तो पॅट्रिक माहोम्स, पुढे तीन सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक.

हे वाचून मुंबईतले मित्र सरफराज खानचं नाव काढणार, काढायलाच हवं. रणजीत २०२१-२२ ला सहा सामन्यांत ९८२ धावा, आणि चर्चा कशाची, तर पोटाची. शेवटी गावसकरांनी जाहीर सुनावलं की सडपातळच माणसं हवी असतील तर फॅशन शोला जाऊन मॉडेल निवडा. राजकोटला २०२४ मध्ये कसोटी पदार्पणात त्याने ६२ आणि नाबाद ६८ केल्या. पुढे जागा टिकली नाही, तो निराळा विषय. पण दार उघडायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर धावांच्या रकान्यात नव्हतं.

मग शरीर बघूच नये का? तसं मी म्हणत नाही, आणि ईगल्सचा चाहता तर म्हणूच शकत नाही. २०१८ ला सातव्या फेरीत, २३३ व्या नंबरावर, आम्ही जॉर्डन मायलाटा घेतला. सिडनीचा रग्बी लीग खेळणारा मुलगा, सहा फूट आठ इंच, १५७ किलो, आणि आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नाही. कामगिरी शून्य! पहिले दोन मोसम तो मुख्य स्पर्धेत एकदाही उतरला नाही, प्रशिक्षक जेफ स्टाउटलंडने त्याला अ-आ-इ-ई पासून घडवलं. आज तो आमचा लेफ्ट टॅकल आहे, क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा. या जागेला तेवढं धूड लागतंच, आणि ते कुणाला शिकवून येत नाही. पण इथे कुणी कुणाला फसवत नव्हतं. मायलाटाच्या बाबतीत वाचायला आकडेच नव्हते, त्यामुळे सबबीही नव्हत्या. किंमत होती सातव्या फेरीची, आणि थांबायची तयारी होती. रेगरसाठी पहिली फेरी मोजली आणि पहिल्याच वर्षी फळ मागितलं.

उलट टोकाला डेव्होंटा स्मिथ. २०२० मध्ये अलाबामासाठी ११७ झेल, १,८५६ यार्ड, २३ टचडाउन, आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी. वजन किती? ७५ किलो. आमच्या मंडळाच्या क्रिकेट टीममध्ये त्याच्याहून जड चारजण निघतील. २०२१ च्या वसंतात सगळ्यांना एकच काळजी, हा मोडणार. ईगल्सनी डॅलसला तिसऱ्या फेरीचं पीक देऊन बाराव्यावरून दहाव्यावर येऊन त्याला घेतलं. मोडला नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध ४६ यार्डांचा टचडाउन त्याचाच, आणि डाव्या बाजूला मायलाटा उभा. एकाला वजनकाट्याकडे दुर्लक्ष करून घेतला, दुसऱ्याला वजनकाट्याकडे बघूनच.

माझ्या हातात असतं तर मी एकच नियम केला असता. शरद ऋतूत सामने बघून प्रत्येक स्काउटने, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याने, आपला निकाल लिहायचा, सही करायची, पाकीट बंद. मग इंडियानापोलिस. तिथल्या आकड्यांनी एखादा खाली उतरवायचा असेल तर खुशाल उतरवा. जो रिसीव्हर ४.७ च्या पुढे पळतो त्याच्याकडे पुन्हा एकदा संशयाने बघा, त्याला माझी ना नाही. पण वर चढवायचा असेल, तर सामन्यातला तो प्रसंग दाखवा जिथे हा वेग वापरलेला दिसतो. रेगर या चाळणीतून पहिल्या फेरीत आला नसता. मॅमुला कदाचित आला असता.

जाता जाता हिशोब सांगतो. २०२२ मध्ये ईगल्सनी शेवटी एजे ब्राउन आणला, मेटकाफचा मिसिसिपीतला जोडीदार, ज्याने त्याच २०१८ च्या मोसमात ८५ झेल आणि १,३२० यार्ड केले होते. त्यासाठी टेनेसी टायटन्सना पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचं पीक मोजलं, वर दहा कोटी डॉलरचा करार. चार महिन्यांनी रेगरला विकला. कुणाला? मिनेसोटाला, जेफरसनच्या शेजारी बसायला.

मेटकाफचं मात्र कोडं आहे. त्याच्या बाबतीत घड्याळ बरोबर होतं, आणि माझ्या बंद पाकिटातून तो पहिल्या फेरीत निघाला नसता, हे मान्य. ज्यांना भांडायचंय त्यांनी मेटकाफवरून भांडा. फक्त कमेंटमध्ये मॅमुला नको.