खुलासा: बाहू पाहून दीर्घिकेचं तेज?

‘सर्पिल दीर्घिकेचे बाहू पाहून तिचं खरं तेज अचूक सांगता येतं’ असा मेसेज फिरतोय. (सर्पिल दीर्घिका म्हणजे गाभ्याभोवती वळणदार बाहू असलेला ताऱ्यांचा प्रचंड समूह.) त्यातलं ‘अचूक’ तेवढं खोडा. लांब, ठसठशीत बाहूंच्या दीर्घिका मुळात जास्त तेजस्वी, तुटक बाहूंच्या मंद, हे खगोलशास्त्रज्ञ सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी १९६० मध्ये दाखवलं. आकाशात एम ३३ ही सर्पिल दीर्घिका एम १०१ या दुसऱ्या दीर्घिकेपेक्षा उजळ दिसते, कारण ती २७ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि एम १०१ दोन कोटींच्या पलीकडे. खरं तेज एम १०१चंच कितीतरी पट, बाहूही तसेच डौलदार. पण बाहूंवरून एकाच वर्गात टाकलेल्या दीर्घिकांमध्येही तेजाचा बराच फरक पडतो. आणि कडेने दिसणारीचे बाहूच दिसत नाहीत, मग बघणार काय? तिथे टली-फिशर पद्धतीने (१९७७) फिरण्याच्या वेगावरून तेज काढतात.