मावशीची मिसरी

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या रविवारी तासाभरात दोन व्हिडिओ येऊन पडले. एकात मराठवाड्यातल्याच एका गावच्या बायका देशी दारूच्या दुकानासमोर ठिय्या देऊन बसलेल्या. दुसऱ्यात एक वकीलसाहेब बायकांच्या खोट्या केसेसनी घरं कशी बसतात ते तावातावानं सांगत होते. माझ्या चुलतभावानं दोन्हींना अंगठे दिले. घरात वाद नको म्हणून असेल.

मी इंग्लंडात लेस्टरला एका मेडिकलमध्ये काम करते. इथं त्याला फार्मसी म्हणतात, पण परभणी जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी मेडिकलच बसतं. दोन्ही व्हिडिओ पाहिले आणि सेलू तालुक्यातली थोरली मावशी आठवली. तिला दोन्हीत कुठंच जागा नव्हती.

काका माळकरी. दारूचा थेंब नाही, एकादशीचा उपास, आषाढीला पंढरपूर. आणि मारायचे. भाकरी करपली म्हणून, पाहुण्यांत हसली म्हणून, कधी नुसतंच. त्यामुळे दारू गेली की मार गेला, हा हिशेब मला कधी पटला नाही. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे मतदान घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद करायला, झटणाऱ्या बायका खुळ्या नाहीत हेही खरं. मजुरी बाटलीत जाते हे त्यांना रोज दिसतं. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ‘एकूण’ म्हणजे ऊसतोडीला गेलेल्याही त्यात धरल्या. एवढं करून बाटली आडवी होते, तिथं मीही तेच मत देईन. फक्त आमच्या मावशीच्या घरात त्यानं काही फरक पडला नसता.

वकीलसाहेबांचंही सगळं खोटं नाही. 498-अ, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाखाली रागानं अख्खं सासर गोवलेलं मी पाहिलंय. जुलै 2024 पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत 85 झालं, भांडण जुनंच राहिलं. पण ते भांडण ठाण्यापर्यंत पोचलेल्यांचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण चारांतल्या एका विवाहितेनं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 14 टक्क्यांनीच कुणाकडे तरी मदत मागितली. कुणाकडे तरी, यात माहेरही आलं. बाकीच्या काय करतात?

मावशी मिसरी लावायची. चुलीवर कोरडा तवा, त्यावर तंबाखू, काळी पडेपर्यंत भाजायची, मग चुरून चाळायची. तो वास घशात असा बसायचा की आम्ही लेकरं खोकत अंगणात पळायचो. चपटी पत्र्याची डबी कायम तिच्या कमरेच्या पिशवीत. पहाटे एकदा, जेवल्यावर एकदा, आणि दारात काकांची सायकल वाजली की लगेच. मला वाटायचं दातांसाठी. कॉलेजात असताना विचारलं, मावशी, हे सोडत कामून नाहीस?

‘‘तोंडात मिसरी असली की उलटं बोलनं होत न्हाई, माय. बोलनं झालं न्हाई की मार कमी बसतो.’’

त्यानंतर मिसरीवर मी तिला एक अक्षर बोलले नाही.

काका जाऊन आता नऊ वर्षं झाली. मार थांबला, झोप काही आली नाही. बारीकशा आवाजानंही दचकून उठते. गावातल्या मेडिकलवरून ती ‘अर्धी गोळी’ आणते. अल्प्राझोलाम, मन शांत करणारी पण सवय लागू शकणारी गोळी. शेड्युल एच-1 मधलं औषध, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि घेणाऱ्याचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं. मावशीचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसणार. संभाजीनगरात पोरं नशेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात, छापा पडला की पेपरात बातमी येते. मावशीच्या अर्ध्या गोळीला कुणी व्यसन म्हणत नाही. बाईच्या बाबतीत तो शब्द सरळ चारित्र्यावर जातो, म्हणून तीही म्हणत नाही.

डॉक्टरकडं का जात नाही? 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मनाला झालेल्या इजेलाही हिंसा म्हणतो. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. त्याला अटी भरपूर आहेत, पण पारावर अटी कोण वाचतो! गावात अर्थ एवढाच लागतो: डोक्याच्या डॉक्टरकडं गेलीस तर ‘हिचं डोकं फिरलंय’ याचा कागद तूच सासरच्यांच्या हातात दिलास. म्हणून बाई देवऋषाकडं जाते. तिथं केसपेपर निघत नाही.

मग परदेशात सगळं आलबेल असेल, असं ग्रुपवर समजतात. कायदा इथं जास्त बारीक पाहतो, हे कबूल. हात न लावता बायकोचा फोन, पैसा, येणंजाणं सतत मुठीत ठेवणं हाही 2015 पासून गुन्हा आहे. 2021 च्या जानेवारीपासून सहभागी मेडिकलमध्ये जाऊन बाईनं ‘अ‍ॅनी आहे का?’ विचारलं, की तिला आतल्या छोट्या खोलीत नेऊन, पोलिसांना फोन लावायचा की हेल्पलाइनला, हे विचारायचं असतं. तातडीनं काहीतरी करा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. माझ्या कानाला ते दर वेळी ‘आणि’ ऐकू येतं. आणि? पुढं काय?

पुढचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. एक बाई रोज सकाळी मेथाडोन प्यायला यायची. हेरॉइन सुटावं म्हणून देतात ते हिरवं औषध. आमच्यासमोर प्यायचं, वर पाणी, मग दोन शब्द बोलायचे, म्हणजे औषध गिळलं, तोंडात साठवलं नाही, हे कळतं. नोव्हेंबरात, दुपारी चारला अंधारून येतं त्या दिवसांत, ती काळा चष्मा लावून आली. प्याली, ‘थँक यू’ म्हणाली. मी नोंद केली.

अ‍ॅनीला ती विचारूच शकत नव्हती असं नाही. त्याआधीच सगळीकडं विचारून झालं होतं. आश्रयगृह म्हणालं, आधी नशा सोड. व्यसनमुक्तीवाले म्हणाले, आधी राहण्याचं बघ. मानसोपचारवाले म्हणाले, आधी नशा थांबव, मग तपासू. आपल्या तहसीलची तीन टेबलं, फक्त प्रत्येक टेबलावर सॉरी म्हणतात. आणि जास्त बोललं तर लेकरं काढून नेतील ही धास्ती वेगळीच. लेस्टरची ती आणि सेलूची मावशी एकाच हिशेबानं गप्प आहेत: सांगितलेलं आपल्यावरच उलटणार.

म्हणून मला ठाणं आणि दुकान यांच्यापेक्षा दवाखान्यावरचा व्हिडिओ पाहायला आवडेल. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून घरात मार सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र काढलं. दवाखान्यातच का? तर ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हटलं की सासू सहसा अडवत नाही. ठाण्यात जाऊन येते असं सांगून कोण निघणार? आपल्याकडं अशा बायकांसाठी जिल्ह्याला सखी केंद्र आहे, 181 ही हेल्पलाइन आहे, मनाच्या दुखण्यासाठी 2022 पासून 14416 आहे. पण नंबर फिरवायला स्वतःचा फोन आणि घरात रिकामा कोपरा लागतो. ग्रामीण रुग्णालयात दार लावून विचारणारी एक सिस्टर, आणि तिनं लिहिलेलं सासरच्या वकिलाला मिळणार नाही एवढी हमी. तालुक्याला एवढं झालं तर मी चुलतभावासारखे दोन अंगठे देईन.

गेल्या दिवाळीत मावशीचे दात हलायला लागले म्हणून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर पन्नासेक माणसं. डॉक्टर तरुण होता, हात हलका होता. हिरड्या बघून म्हणाला, ‘‘आजी, मिसरी कधीपासून?’’

‘‘लगीन झाल्यापासून.’’

त्यानं केसपेपरवर लिहिलं: मिसरी, 46 वर्षे. मावशी त्याच्याकडं बघत राहिली, तोंड तसंच उघडं. तेवढ्यात शिपायानं पुढचा नंबर पुकारला.