‘पगारी राखणदार’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक कलाप्रेमी’ यांस,

संग्रहालयातल्या कागदी चित्रांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी ‘पगारी राखणदार’च्या पुढे जाववलंच नाही. तुमचं म्हणणं असं : आम्ही संग्रहालयवाले कागदावरची चित्रं पेट्यांत ‘कुलूप’ लावून कोंडतो, तीन महिने अंधाऱ्या दालनात दाखवल्यासारखं करतो, मराठी फलक मुंगीच्या अक्षरांत लावतो आणि हे सगळं लोकांच्या पैशावर.

एक चूक कबूल. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापील प्रती काढणाऱ्या रविवर्मा प्रेसच्या स्थापनेचं साल लेखात माझ्याकडून १९८४ पडलं होतं, ते १८९४ हवं. दुरुस्त केलंय, आभार. फलकांचं आणि पगाराचं पुन्हा कधीतरी.

पण हे वाक्य? ‘आमच्या आजोबांच्या देव्हाऱ्यावर रविवर्म्याची लक्ष्मी साठ वर्षं उजेडात आहे, तिला काही झालेलं नाही.’

काही झालं नाही हे कशाशी ताडून पाहिलंत? प्रेस सुरू झाला त्याच गिरगावात, आमच्या चाळीतल्या खोलीत, खिडकीसमोर तीच लक्ष्मी होती. आजी गेल्यावर मी चौकट उघडली, तर काठाखाली करंगळीएवढी पट्टी निघाली. तिथं साडी कुंकवासारखी लाल. बाकीची साडी चहा सांडून वाळल्यासारखी. रोज बघणाऱ्या आम्हा सातजणांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. खालचा कोपरा पावसाळ्यात काचेला चिकटला होता. मी एकोणीस वर्षांची, अक्कल बेताची, ओढला. कमळाची पाकळी काचेवरच राहिली. या कामाला मी तिथून लागले, जाहिरात वाचून नव्हे.

तुमच्या ‘अंधाऱ्या दालना’त ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. रोज आठ तास, नव्वद दिवस धरले तर ३६,००० लक्स-तास होतात. खिडकीजवळ हजार लक्स सहज असतात. तिथं तेवढाच उजेड छत्तीस तासांत पडतो. बरं, पेटीत ठेवल्यानं उडालेला रंग परत येत नाही, फक्त उरलेला वाचतो. त्यात आपली हवा. जुलैत डिह्युमिडिफायरची, म्हणजे हवेतली ओल शोषणाऱ्या यंत्राची, टाकी पुनःपुन्हा रिकामी करायची, माउंट, म्हणजे चित्राचा पुठ्ठा, उचलून मागं बुरशीचे ठिपके शोधायचे, कसर दिसली की अख्खी पेटी तपासायची. हे राखणच आहे, हो. तुम्ही तो शब्द शिवीसारखा वापरलात म्हणून लागला.

आणि ‘कुलूप’! आगाऊ कळवून वेळ घेतली तर कुणालाही पेटी उघडून, टेबलावर चित्र मांडून दाखवते. पेन बाहेर, पेन्सिल चालते. गेल्या वर्षी आलेले बहुतेक विद्यार्थी होते. कलाप्रेमी प्रतिक्रिया लिहिण्यात गुंतलेले असावेत.

असो, हे जरा जास्त झालं. आजोबांची लक्ष्मी घेऊन या, बघू. फक्त चौकट घरी उघडू नका, आणि कोपरा काचेला चिकटला असेल तर ओढू तर मुळीच नका.